‘जलसमाधी’ या शब्दाची जबाबदारी

मराठी वृत्तपत्रांस आणि स्मरणलेख लिहिणाऱ्यांस एक शब्द अतिशय प्रिय आहे. आगबोट बुडाली की तिला ‘जलसमाधी’ मिळते. होडी उलटली, धरणात गाव गेले, पुरात मोटार वाहून गेली, तरी तोच शब्द. शब्द सुंदर आहे, यात संशय नाही. परंतु एखादा शब्द लिहिणाराला फार सोयीचा होऊ लागला की त्याची उलटतपासणी घ्यावी, अशी सवय आमच्या व्यवसायाने आम्हांस लावली आहे.

समाधी ही घेतली जाते. ती मिळत नाही. ज्ञानेश्वरांनी इ. स. 1296 मध्ये आळंदीस समाधी घेतली ती समजून-उमजून, आप्तेष्टांचा निरोप घेऊन. 17 जुलै 1947 रोजी, आषाढातल्या अवसेच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या ‘रामदास’ बोटीवरील माणसांनी असा कोणताच निरोप घेतला नव्हता. बोट ऐन पावसाळी समुद्रात काश्याच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. रेवसच्या कोळ्यांनी बुडणाऱ्यांना आपल्या होड्यांत ओढून घेतले म्हणून काही वाचले. मुंबईस वार्ता पोचली ती कित्येक तासांनी. या सर्व प्रकारास ‘जलसमाधी’ म्हटले की प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. पावसाळ्यात बोट का सोडली, माणसे किती भरली, वार्ता कळविण्याची सोय काय होती, हे सारे त्या एका पवित्र शब्दाखाली झाकले जाते. त्यात बोटींची नावेही संतांची. ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी 11 नोव्हेंबर 1927 रोजी एकाच दिवशी बुडाल्या. इंद्रायणीने तुकोबांच्या वह्या परत दिल्या, अशी आपली श्रद्धा आहे; ‘तुकाराम’ बोटीवरची सगळी माणसे समुद्राने परत दिली नाहीत.

येथवरचा आक्षेप भाषेचा झाला. पण म्हणून शब्द टाकून द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. उलट, तो वापरायचा तर पुरता वापरावा, असा आमचा आग्रह आहे. समाधी म्हणजे जागा. तिला हद्द असते, तिच्याशी पादत्राणे काढतात, तिचे दगड कोणी विकत नाही, आणि खाली काय आहे म्हणून कोणी उकरून पाहत नाही. ज्या लेखणीने बुडालेल्या बोटीस समाधी म्हटले, तिने तिच्या लोखंडाचा भाव तरी सांगू नये.

कायद्याकडे पाहावे तर तेथे शब्दांचे दारिद्र्य आहे. आपल्या 1958 च्या व्यापारी जहाज कायद्यात भग्न जहाजाविषयी एक स्वतंत्र भाग होता. त्यात जहाज होते, माल होता, जप्त करणारा अधिकारी होता, मालकाने वर्षाच्या आत हक्क सांगावा अशी मुदत होती. बुडालेले जहाज म्हणजे बेवारस मालमत्ता, हा त्या भागाचा गाभा. मालमत्तेत माणसे निजलेली असतील, हा विचार त्याच्या व्याख्येस शिवला नव्हता. त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने 2025 मध्ये केला. युनेस्कोच्या 2001 च्या करारनाम्याने मात्र पाण्याखालील मानवी अवशेषांचा योग्य आदर राखावा, असे स्पष्ट लिहिले. त्याचे संरक्षण शंभर वर्षे पाण्याखाली राहिलेल्या वस्तूंस आहे आणि जी राष्ट्रे त्यात सामील झाली त्यांनाच तो बांधतो. करारनामा नसेल तेथे काय होते, हे जावाच्या समुद्रात दिसले. फेब्रुवारी 1942 च्या लढाईत तेथे बुडालेल्या डच युद्धनौका 2016 मध्ये पाणबुडे पाहावयास गेले, तो तळाशी नुसते खड्डे! भंगारवाल्यांनी जहाजेच्या जहाजे उचलून नेली होती, आणि आतल्या नाविकांचे काय झाले हे विचारण्याचीही सोय ठेवली नव्हती.

आमच्या तेलुगू मुलुखात ‘गाझी’ हा चित्रपट 2017 मध्ये गाजला. पुढे त्यास उत्कृष्ट तेलुगू चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. आपले अतुल कुलकर्णी त्यात आहेत आणि पाणबुडीच्या पोटातली कोंडी दिग्दर्शकाने चांगली पकडली आहे. परंतु चित्रपटाची दृष्टी जहाज फुटेपर्यंतच जाते. शत्रूची पाणबुडी फुटली की राष्ट्रप्रेमाचा गजर होतो आणि प्रेक्षक उठतो. खरी ‘गाझी’ डिसेंबर 1971 मध्ये विशाखापट्टणजवळ बुडाली, तिच्यात नव्वदहून अधिक माणसे होती, आणि ती अजून तळाशी आहे. 2024 मध्ये आपल्या नौदलाने खोल पाण्यात जाणाऱ्या यानाने तिचे स्थान निश्चित केले आणि मृतांच्या आदरास्तव तिला हात लावला नाही. हे शत्रूचे नाविक होते, हे ध्यानी घ्यावे. त्याच युद्धात 9 डिसेंबर रोजी दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह आपले 18 अधिकारी आणि 176 नाविक गेले. ज्यांनी आपली ‘खुकरी’ गमावली त्यांनीच परक्या ‘गाझी’ची हद्द पाळली. नौदलाने ‘समाधी’ हा शब्द उच्चारला नाही, पण त्याचा अर्थ आमच्या लेखकांहून अधिक ओळखला.

कोणी म्हणेल, समुद्रापासून शेकडो मैलांवर आदिलाबादेत बसून हा खटाटोप कशाला? पैनगंगा आमच्या जिल्ह्याची उत्तर सीमा. तिच्यात सोडलेल्या अस्थी वर्धेत, प्राणहितेत, गोदावरीत आणि शेवटी पूर्वसमुद्रातच जातात. दुसरे असे की, ज्यांचा देह सापडला नाही त्यांच्यासाठी शास्त्राने सांगितलेल्या विधीस लागणारा पळस आमच्या रानांत उदंड आहे. तीनशे साठ पळसदेठांची मनुष्याकृती करतात, मस्तकाच्या जागी नारळ ठेवतात, आणि तिला अग्नी देतात. अंगास रानचा पळस आणि मस्तकास किनाऱ्याचा नारळ! या विधीचा एक अर्थ आमच्या लक्षात येतो तो असा की, देह वर काढल्यावाचून गती नाही, असे शास्त्र म्हणत नाही. घरच्यांचे कर्तव्य जमिनीवर पुरे होते आणि पाण्यातला देह पाण्यात राहू शकतो. मग तो उपसावयाचा हक्क भंगाराच्या ठेकेदारास कोठून आला?

मार्गात आडवे येणारे किंवा तेल गळणारे जहाज हलवावे लागते, हे आम्हांस मान्य आहे. श्रीशैलमच्या धरणाखाली जाणारे कूडवल्लीचे संगमेश्वर मंदिर उतरवून आलमपुरास नेलेच ना? हलविणे आणि लुटणे यांत फरक असतो. पाहण्यासही आमची हरकत नाही. गोव्यात ग्रांदे बेटापाशी हौशी लोक बुड्या मारून जुनी भग्न जहाजे पाहतात. देवळात दर्शन सर्वांस मोकळे असते, गाभाऱ्यातली समई कोणी घरी नेत नाही.

‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ यांना 11 नोव्हेंबर 2027 रोजी शंभर वर्षे पुरी होतील. त्या दिवशी मराठी वृत्तपत्रे ‘जलसमाधी’ लिहितील, याविषयी आम्ही निश्चिंत आहो. त्या दोन जागांना समुद्राच्या नकाशावर काय म्हणावे आणि त्या कोणाच्या देखरेखीखाली असाव्यात, हे विचारावयास संपादकांना अजून अवधी आहे.