रंगभूमीवरील स्त्रीत्वाचें माप

गेल्या वर्षीं नाट्यसंगीताच्या एका स्पर्धेंत परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग आम्हांवर आला. एका तरुण मुलीनें 'स्वयंवरां'तील रुक्मिणीचें पद इतक्या सफाईनें म्हटलें कीं, शेजारचे परीक्षक डोळे मिटून उद्गारले, "हुबेहूब बालगंधर्व!" आम्हींहि मान डोलविली व भरघोस गुण दिले. घरीं परततांना मात्र मनांत आलें कीं, एका स्त्रीनें गायिलेल्या रुक्मिणीची याहून मोठी स्तुति आम्हांस सुचूं नये, हें काय आहे?

बालगंधर्वांचें श्रेष्ठत्व नाकारण्याचा अविचार आमच्या हातून होणार नाहीं. १९११ च्या 'मानापमाना'तील भामिनी, १९१६ ची रुक्मिणी, १९१९ ची 'एकच प्याला'तील सिंधु या भूमिकांनीं संगीत रंगभूमि वैभवास चढविली. पुरुषानें स्त्रीपार्ट करण्याची चालहि एकट्या महाराष्ट्राची नव्हे. शेक्सपिअरच्या नायिका प्रथम मुलांनींच रंगविल्या. १६६० नंतर इंग्लंडांत नटी रंगभूमीवर आल्या, आणि आज तेथील नटीचें माप कोणी त्या जुन्या मुलांवरून घेत नाहीं.

आमच्याकडे गोष्ट निराळी झाली. कुलीन स्त्रीनें तोंडाला रंग लावणें म्हणजे कुळास बट्टा, अशा काळांत त्याच कुळांतील स्त्रिया बालगंधर्वांचें लुगडें, अलंकार व केशरचना पाहून आपला शृंगार ठरवूं लागल्या. स्त्रीनें कसें चालावें, कसें लाजावें, पदर कोठवर घ्यावा, याचा धडा रंगमंचावरून पुरुष देत होता व स्त्रिया प्रेक्षागृहांत बसून तो गिरवीत होत्या. यांतला विनोद त्या वेळीं फारसा कोणास बोंचल्याचें दिसत नाहीं. भामिनी व रुक्मिणी निर्माण करणाऱ्या खाडिलकरांनींच १९०७ सालीं 'बायकांचें बंड' लिहिलें होतें. गिरिजाबाई केळकरांनीं त्यास 'पुरुषांचें बंड' लिहून उत्तर दिलें, आणि १९२८ सालीं नाट्यसंमेलनाचें अध्यक्षपदहि भूषविलें. बड्या मंडळ्यांच्या नायिका मात्र पुरुषच राहिले.

खरा पालट दिसला तो १ जुलै १९३३ रोजीं. त्या दिवशीं 'नाट्यमन्वंतर' संस्थेनें श्री. वि. वर्तकांचें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलें. त्याचें मूळ नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन यांच्या १८८३ च्या नाटकांत आहे. जी शुचिता पुरुष वधूकडे मागतो, तीच वधूनें वराकडे मागावी, हा त्याचा विषय. हा प्रश्न लुगडें नेसलेल्या पुरुषाच्या तोंडीं घातला असता तर त्याचें काय झालें असतें, याची वाचकांनींच कल्पना करावी! ज्योत्स्ना भोळे व पद्मावती वर्तक यांच्या तोंडून तो आला, आणि त्यास वजन आलें. केशवराव भोळ्यांनीं दिलेलीं पदें आटोपशीर, भावगीताच्या वळणाचीं होतीं. ज्योत्स्नाबाईंना तेथें कोणाची छाया होण्याचें कारणच उरलें नाहीं. पुढें १९४२ सालीं रांगणेकरांच्या 'कुलवधू'ची नायिकाहि त्यांनींच केली. चित्रपटांत नांव कमावणारी पत्नी आणि तिच्या यशानें दुखावलेला पति हा त्याचा गाभा असल्यामुळें, अभिनय करणाऱ्या स्त्रीचें दुःख मराठी रंगभूमीवर अभिनय करणाऱ्या स्त्रीनेंच सांगितलें.

परंतु जुनें माप सुटलें नाहीं. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी खुद्द गंधर्व मंडळींत आल्या व नायिकेच्या भूमिका करूं लागल्या. त्यांच्या गळ्याची ख्याति काय झाली? तर त्या अगदीं बालगंधर्वांसारख्या गातात! कर्नाटकांतून आलेल्या या बाईंची स्वतःची अशी कांहीं फिरत असेल कीं नाहीं, हा प्रश्न त्या स्तुतींत बुडून गेला.

कलेला स्त्री-पुरुष भेद नसतो, असा आक्षेप आमचे कांहीं रसिक मित्र येथें घेतील. मान्य. मग एखाद्या तरुण गवयास "हुबेहूब हिराबाई" म्हणून कोणी गौरविल्याचें आमच्या ऐकिवांत कां नाहीं? हिराबाई बडोदेकरांनीं तर स्वतःची नाटकमंडळी काढली, नायिका स्वतः रंगविल्या, आणि सुरेलपणांत त्यांच्या तोडीचे गवई त्या काळींहि थोडेच होते. गुरूचें अनुकरण हा शिक्षणाचा भाग आहे, हें आम्ही वर्गांत नित्य सांगतों. पण परीक्षेच्या वेळीं अनुकरणासच शिखर मानणें हा विद्यार्थ्याचा दोष नसून परीक्षकाचा आहे.

त्या मुलीच्या गुणपत्रिकेवर आम्हीं "गंधर्व गायकीची उत्तम जाण" असा शेरा लिहिला होता. तिचा स्वतःचा आवाज कसा होता, असें आज कोणीं विचारिलें तर आम्हांस आठवत नाहीं.