निगलचं झाड आणि शेजाऱ्याचं गळकं छप्पर

जे. आर. आर. टॉल्किनचं एक म्हणणं इंटरनेटवर फार फिरतं. तुरुंगातला माणूस बाहेर पडून घरी जायची धडपड करत असेल, तर त्याला दोष कशाला द्यायचा, असा त्याचा आशय. फॅन्टसी वाचणाऱ्या, रात्रभर गेम खेळणाऱ्या, ॲनिमेचे सीझनच्या सीझन संपवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कुणीतरी ‘हे सगळं पलायन आहे’ असं ऐकवलेलं असतं. मराठी समीक्षेत तर ‘पलायनवादी’ हा शिक्का एकदा बसला की पुस्तक उघडायचीही गरज उरत नाही. अशा वेळी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या लेखकानेच दिलेलं प्रमाणपत्र खिशात असलेलं बरं असतं.

अडचण एवढीच, की आपण त्या युक्तिवादाचा अर्धाच भाग फिरवतो. उरलेला अर्धा भाग जरा गैरसोयीचा आहे, आणि तो ख्रिस्ती आहे.

टॉल्किनने 8 मार्च 1939 रोजी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर एक व्याख्यान दिलं. ते वाढवून 1947 मध्ये ‘ऑन फेअरी-स्टोरीज’ या नावाने निबंध म्हणून छापलं गेलं. साधारण त्याच सुमारास त्याने एक छोटी कथा लिहिली होती, ‘लीफ बाय निगल’. ती 1945 मध्ये ‘डब्लिन रिव्ह्यू’ या कॅथलिक नियतकालिकात आली. 1964 मध्ये ही दोन्ही लेखनं ‘ट्री अँड लीफ’ या एकाच पुस्तकात एकत्र केली गेली. निबंध सगळे उद्धृत करतात, कथा फार थोडे वाचतात. मला मात्र कथा निबंधापेक्षा जास्त खरी वाटते, कारण निबंध जो प्रश्न हुशारीने बाजूला ठेवतो, त्याच प्रश्नावर कथा उभी आहे.

आधी निबंध. टॉल्किन म्हणतो की टीकाकार दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात: कैद्याचं निसटणं आणि आघाडीवरून पळून जाणाऱ्या शिपायाचं पलायन. ‘वास्तव’ या शब्दाची तो मस्त टर उडवतो. कारखाने आणि मोटारींची गर्दी म्हणजेच खरं आयुष्य असं मानणारा ऑक्सफर्डमधला एक विद्वान त्यात येतो. ब्लेचली स्टेशनचं छप्पर ढगांपेक्षा जास्त खरं आहे हे मला काही पटत नाही, असंही तो म्हणतो. (आमच्या धंद्यातल्या माणसाला इथे हसू येतं. त्याच स्टेशनाला लागून असलेल्या ब्लेचली पार्कमध्ये 1944 पासून कोलॉसस नावाचं यंत्र जर्मन संदेश फोडायच्या कामाला लागलं. आपल्या लॅपटॉपचा एक आजोबा तिथला.)

पण ‘आघाडीवरून पळालेला शिपाई’ ही टॉल्किनसाठी नुसती उपमा नव्हती. 1916 मध्ये तो सॉमच्या लढाईत लँकेशायर फ्यूझिलिअर्स या पलटणीत सिग्नल अधिकारी होता. शाळेपासूनच्या त्याच्या तीन जिवलग मित्रांपैकी दोघे त्याच वर्षी मारले गेले. आणि त्याच सैन्याने पळून जाणं, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी आपलेच शिपाई भिंतीशी उभे करून गोळ्या घालून मारले. त्यातल्या 306 जणांना ब्रिटिश सरकारने थेट 2006 मध्ये माफी दिली. तेव्हा हा शब्द वापरताना त्या माणसाला तो किती जड आहे हे ठाऊक होतं.

मग हा कैदी पळून जातो कुठे? घरी. आणि घर म्हणजे काय, इथे टॉल्किनचा कॅथलिक विश्वास येतो. ख्रिस्ती परंपरेचं कल्पनाशक्तीशी नातं तसं कायमच ताणलेलं. प्युरिटनांचा जोर असलेल्या इंग्लंडच्या संसदेने 1642 मध्ये नाट्यगृहं बंद केली. अगदी 2001 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावात एका चर्चने हॅरी पॉटरची पुस्तकं जाळली. जे नाही ते रचणं म्हणजे एक तर खोटं बोलणं, नाही तर देवाशी स्पर्धा, अशी भीती त्यामागे असते. टॉल्किन हा तर्क उलटा करतो. देव निर्माता आहे, माणूस त्याच्या प्रतिमेत घडवलेला आहे, म्हणून माणसालाही रचल्याशिवाय राहवत नाही. या रचण्याला तो उपनिर्मिती म्हणतो.

निबंधाच्या शेवटी तो आणखी पुढे जातो. चांगल्या परीकथेत सगळं संपलं असं वाटत असताना अचानक एक सुखद कलाटणी येते. तिच्यासाठी त्याने ‘युकॅटॅस्ट्रॉफी’ असा शब्दच घडवला. त्याच्या मते ख्रिस्ताचा जन्म ही मानवी इतिहासाची अशी कलाटणी, आणि पुनरुत्थान ही त्या जन्मकथेची. म्हणजे एक परीकथा खरी घडली. 1931 च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डमध्ये रात्री उशिरापर्यंत चाललेल्या गप्पांत टॉल्किन आणि ह्यूगो डायसन यांनी सी. एस. लुईसला जे पटवलं ते हेच, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत लुईस ख्रिस्ती झाला.

हे वाचायला भारदस्त आहे. पण निबंधात एक भोक राहतं. कैदी आणि पळपुटा शिपाई हा फरक कागदावर स्पष्ट आहे; बाहेरून बघणाऱ्याला मात्र दोघेही एकाच भिंतीवरून उडी मारताना दिसतात. त्याहून वाईट म्हणजे आतून बघणाऱ्यालाही दिसत नाही. रात्री दोन वाजता कानात हेडफोन घालून बसलेल्या कुणालाही विचारा, तो स्वतःला कैदीच म्हणणार. नोकरी तुरुंग, शहर तुरुंग, घरचा व्हॉट्सॲप ग्रुप तर अंधारकोठडीच. निबंध आपल्याला निकष देत नाही, फक्त वकील देतो.

निकष कथेत आहे.

निगल नावाचा एक छोटासा चित्रकार. नावातच गंमत आहे, इंग्रजीत या शब्दाचा अर्थ बारीकसारीक गोष्टींत चिकचिक करत राहणं. त्याला लवकरच एका लांबच्या प्रवासाला निघायचंय. हा प्रवास म्हणजे मरण, हे आपल्याला लगेच कळतं. त्याआधी एक चित्र पुरं करायचंय. वाऱ्यावर उडणाऱ्या एका पानापासून चित्र सुरू झालं, पानाचं झाड झालं, झाडामागे प्रदेश दिसायला लागला, दूर बर्फाचे डोंगर. आता कॅनव्हास एवढा मोठा झालाय की शिडी लागते. ज्याने कुठल्याही प्रोजेक्टवर काम केलंय त्याला हा आजार ओळखीचा आहे. टॉल्किनला तर फारच, कारण तेव्हा त्याचं स्वतःचं ‘रिंग्ज’ असंच वाढत आणि अडत चाललं होतं.

निगलच्या शेजाऱ्याचं नाव पॅरिश. वसईतले कॅथलिक ज्याला धर्मग्राम म्हणतात, तो इंग्रजीत पॅरिश. म्हणजे शेजाऱ्याच्या नावातच सगळी वस्ती आली. हा पॅरिश पायाने अधू आहे, बागकामात हुशार आहे आणि निगलच्या चित्रांकडे क्वचितच बघतो. त्याला दिसतं ते निगलच्या बागेत माजलेलं तण. एका वादळी दिवशी तो दार वाजवतो: बायको तापाने आजारी, छपरावरची कौलं उडालीत, पाणी गळतंय, डॉक्टरला आणि गवंड्याला बोलावून आणशील का? वर सुचवतो की एवढं कापड आणि लाकूड पडलंय, ते छपराला कामी येईल की. हे कापड म्हणजे चित्र.

निगल संत नाही. तो मऊ मनाचा आहे, म्हणजे मदत केली नाही तर त्याला चुटपुट लागते. उठून करेलच असं नाही. पण त्या दिवशी तो कुरकुरत सायकल काढतो, पावसात भिजतो, तापाने अंथरुणाला खिळतो, आणि बरा होतो न होतो तोच प्रवासाची गाडी दारात. चित्र अर्धंच.

पुढचा भाग बऱ्याच वाचकांना कंटाळवाणा वाटतो, मला सगळ्यात आवडतो. निगलला एका इस्पितळवजा कोंडवाड्यात ठेवतात. खणायचं, सुतारकाम करायचं, साध्या फळ्यांना एकाच रंगाचे हात मारायचे. कॅथलिक समजुतीत मरणानंतर शुद्ध होण्याचा जो काळ असतो तो हा, पण लिहिलाय सरकारी कचेरीसारखा. मग अंधारात दोन आवाज त्याच्या प्रकरणाची फाईल चाळतात. एक कडक, एक मवाळ. आणि निकाल कशावर लागतो? चित्रावर नाही. पानं त्याने मन लावून काढली हे मवाळ आवाज सांगतो, पण पारडं झुकतं ते त्या पावसातल्या सायकलफेरीने. आपलं चित्र पुरं करायची ही शेवटची संधी वाया जातेय आणि पॅरिश बहुधा उगाच घाबरलाय, असा अंदाज असूनही तो गेला होता.

शिपाई आघाडी सोडून पळाला की नाही, हे इथे ठरतं. तू किती वेळ दुसऱ्या जगात होतास, असं कुणी विचारत नाही. दार वाजलं तेव्हा उठलास का, एवढंच फाईलवर आहे. कथेतला फार तिखट विनोद असा की मोकळा वेळही निगलने धड चित्रात घालवला नाही, नुसताच वाया घालवला, असा कडक आवाजाचा आक्षेप आहे. सलग तीन तास रील्स बघणाऱ्या आपल्यासारख्यांना यात वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

यानंतर निगलला एका मोकळ्या प्रदेशात सोडतात, आणि समोर त्याचं झाड उभं असतं. पूर्ण, जिवंत, त्यातली काही उत्तम पानं तर पॅरिशच्या संगतीत झालेली. इथे कथा गोड होते की काय अशी शंका मला पहिल्या वाचनात आली. स्वर्गात सगळ्यांचे अर्धवट प्रोजेक्ट पूर्ण करून मिळतात, असं कुणी म्हटलं तर ते स्वस्त समाधानच. पण टॉल्किन पृथ्वीवर काय झालं तेही सांगतो. चित्राचं कापड खरोखरच शेजाऱ्याच्या घराला ठिगळ म्हणून गेलं. एक कोपरा, एका पानाचा, कुणीतरी जपून म्युझियमला दिला. म्युझियम जळालं. निगलला लोक विसरले. आपल्याकडे कलावंताचं दुःख भरून काढायला ‘पण त्याची कला अमर झाली’ हे हुकमी वाक्य असतं, ते या लेखकाने स्वतःच्या हाताने पुसून टाकलंय.

माझी तक्रार वेगळी आहे. पॅरिशच्या बायकोला कथेत स्वतःचं नाव नाही. ती आधी आजारी आणि नंतर वाट बघण्याची वस्तू. शेजारधर्माच्या कथेत निदान तिच्या खोलीत एकदा डोकवायला हवं होतं.

दुसरा प्रश्न मोठा आहे. लग्नाच्या आमंत्रणापलीकडे चर्चची पायरी न चढलेल्या माझ्यासारख्या वाचकाने या सगळ्याचं काय करायचं? टॉल्किनच्या कैद्याला घर आहे, कारण पुनरुत्थान खरं घडलं असं तो मानतो. ते काढून घेतलं तर भिंतीपलीकडे काय आहे हे आपल्याला सांगता येत नाही, आणि मग त्याच्या नावावर पलायनाचं समर्थन करणं म्हणजे दुसऱ्याच्या लायसन्सवर गाडी चालवणं. श्रद्धा उसनी घेता येत नाही. सायकल मात्र घेता येते, तिला डोंगरापलीकडचा देश लागत नाही.

आणि कथा पॅरिशलाही सोडत नाही. शेवटाकडे दोघे त्या प्रदेशात एकत्र राबतात, घर बांधतात, बाग लावतात. निगल डोंगरांकडे निघायला तयार होतो. मग वाट दाखवायला आलेला धनगर पॅरिशला सांगतो की हे सगळं निगलच्याच चित्रातलं आहे. पॅरिश चकित होतो. तेव्हा ते असं दिसत नव्हतं, म्हणतो. तेव्हा ती नुसती झलक होती, पण बघावंसं वाटलं असतं तर तुलाही दिसली असती, असं त्याला उत्तर मिळतं. इतकी वर्षं शेजारी राहून, कुंपणावरून फक्त तण मोजून, त्याने ते चित्र कधी मन लावून पाहिलं नव्हतं.