उदबत्तीतला ऊद

दिवाळी अंकात कादंबरीचे परीक्षण येते, नाटकाचे येते, क्वचित चित्रांचेही येते; सुगंधाचे परीक्षण मात्र कोणी लिहीत नाही. वास्तविक दिवाळी आल्याची पहिली वर्दी नाकालाच मिळते. उटणे, तेल, तळणीचा खमंगपणा! तेव्हा यंदा एका वासाचीच परीक्षा करावयाचे मी योजले आहे. वास आहे उदाचा. नांदेडच्या इतवाऱ्यात आणि लातूरच्या गंजगोलाईत हल्ली ‘खास पुरुषांसाठी’ अशी चिठ्ठी मिरवीत जो मिळतो तो. मसालेदार आणि लाकडी.

ऊद म्हणजेच अगरू. आसामकडे होणारे हे झाड निरोगी असते, तोवर त्याच्या लाकडाला नाव घेण्याजोगा वास नसतो. कीड लागली, बुरशी शिरली, की झाड त्या जागी काळसर राळ साठवते. चांगले राळभरले लाकूड पाण्यात बुडते. अमरकोशकाराला हे ठाऊक असावे. कारण अगरूच्या नावांत त्याने ‘कृमिज’ आणि ‘लोह’ ही दोन नावे दिली आहेत. हे लाकूड भिजवून, भट्टीवर चढवून त्याचे तेल काढतात, ते निघते थोडके. रानातली झाडे या हव्यासापायी इतकी तुटली की १९९५ पासून आसामच्या अगरूचा देशोदेशींचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराच्या बंधनात आला.

तेव्हा तीन-चारशे रुपयांच्या बाटलीत खरे उदाचे तेल असणे शक्यच नाही. २००२ साली पॅरिसच्या ईव्ह सँ लोराँ या पेढीने ‘एम सेव्हन’ हे पुरुषांचे सुगंधी द्रव्य काढले. पुढे पश्चिमेकडे उदाची मोठी लाट आली, आणि प्रयोगशाळेत जुळवलेला ऊद जगभर पोचला. आपली बाटली त्याच कुळातली. केवळ नकली म्हणून मी तिला नावे ठेवणार नाही. रंगभूमीवरचा राजा तरी कोठे खरा असतो? सोंग वठले म्हणजे झाले.

पहिल्या अंकात ते फार सुरेख वठते. मिरी, वेलदोडा, केशराची झाक. अंगावर घेताच माणूस ताठ बसतो. दुसऱ्या अंकात लाकूड येते, कोरडे आणि भारदस्त. पण तिसरा अंक नाहीच! तेच वाक्य, तोच आवाज, संध्याकाळपर्यंत. कनोजचा जुना शमामा याच्या शेजारी ठेवून पाहावा. तोही मसालेदार, तोही लाकडी. त्यात दगडफूलही पडते. होय, आपल्या काळ्या मसाल्यातले तेच दगडफूल. तो पहिल्या घटकेला उग्र वाटतो, अंगाच्या उबेने हळूहळू उलगडतो, आणि दोन माणसांच्या मनगटांवर दोन तऱ्हांनी बोलतो. चांगल्या कादंबरीतले पात्र असेच असते. आमच्या बाटलीतले पात्र पहिल्या प्रकरणातच संपते.

आता त्या चिठ्ठीविषयी. ऊद पुरुषांचा, हे कोणी ठरवले? कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त हेमंत ऋतूमध्ये स्त्रिया काळ्या अगरूचा धूप केसांना देतात. सुगंधाला मिशा चिकटवण्याचा उद्योग बाजाराचा आहे.

याहून वाईट चिठ्ठी आपण स्वतः लावतो, ती दिसत नाही. ईदेच्या दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात एक मुलगा कानात उदाच्या अत्तराचा फाया घालून आला. शेजारच्याने नाक दाबले आणि म्हणाला, “सर, दर्ग्याचा वास येतो.” वर्ग हसला. तो मुलगा फाया काढून मुठीत लपवू लागला. मी त्या शेजाऱ्याला विचारले, “तुझी आई तिन्हीसांजेला देवापुढे काय लावते रे?” “उदबत्ती.” “फळ्यावर लिही, आणि शब्दाची फोड कर.” त्याने लिहिले : ऊद अधिक बत्ती. मग खडू हातात धरून तो नुसताच उभा राहिला.

ऊद हा शब्द अरबी, अगरू संस्कृत. म्हणून एकाच काडीला आपण उदबत्ती म्हणतो आणि अगरबत्तीही म्हणतो. आता त्या काडीत बहुधा दोन्ही नसतात, ही गोष्ट वेगळी. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या अखेरच्या दिवसांच्या जखमा दोन्हीकडच्या घरांत आहेत, आणि त्या मी नाकारीत नाही. पण लग्नात पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावण्याची रीतही दोन्हीकडे आहे. वासाची वाटणी करावयाची झाली, तर आधी आपल्या देवघरातल्या शब्दाची करावी लागेल. ती मला जमणार नाही.

तर निकाल असा : बाटली मध्यम, आरंभ उत्तम, अखेर पोकळ. विकत घ्यावयाची असल्यास दुकानात हुंगून लगेच पैसे मोजू नयेत. मनगटावर लावावी, गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांतून दिवाळीची खरेदी उरकावी, आणि तासाभराने पुन्हा नाक लावावे. तोवर काही नवे बोलत असेल तर घ्यावी. नाहीतर तेवढ्याच पैशांत मासाभर शमामा मिळतो का पाहावे, आणि घरी आल्यावर त्याचा फाया आधी गृहिणीपुढे धरावा.