शास्त्राभ्यास आणि शब्दनिवड : पंडिता रमाबाईंच्या बायबल-भाषांतराचा पुनर्विचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाविषयी आपल्या टीकाकारांत एक समज बराच रूढ आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने ही अस्सल मराठी वळणाची रचना. पंडिता रमाबाईंचे बायबल-भाषांतर मात्र रुक्ष, परक्या वळणाचे व म्हणून वाङ्मयदृष्ट्या उपेक्षणीय, असा तो समज होय. मराठीपणाची कसोटी भक्तिपरंपरेतील शब्दांच्या संख्येवर लावली, म्हणजे असा निकाल लागणे क्रमप्राप्तच आहे. परंतु ही कसोटीच अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शास्त्राचा अभ्यास करता करता ख्रिस्ती म्हणून आपण कोण, याचा निर्णय माणूस करीत असतो, आणि मराठीत हा निर्णय पुष्कळदा शब्दाशब्दाच्या निवडीतून झालेला आहे. त्या दृष्टीने रमाबाईंचे भाषांतर हा आपल्याकडील सर्वांत विलक्षण दस्तऐवज ठरतो.

पहिल्या परंपरेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही; तिची थोरवी निर्विवाद आहे. जुनी पुराणे हातची गेलेल्या सासष्टीतील नवख्रिस्ती श्रोत्यांना काही तरी पुराण हवे होते. ती मागणी पुरवण्यासाठी १६१६ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात स्टीफन्स यांनी ओवी घेतली आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. पवित्र आत्म्यासाठी मात्र त्यांनी पोर्तुगीज वळणाचा शब्द तसाच राहू दिला. कोठे आपला शब्द चालेल व कोठे चालणार नाही, याची ही जाण लक्षणीय आहे. टिळकांची गोष्ट सर्वश्रुत आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला, डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जिंकले, आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या श्रद्धेची भाषा पुढे अभंगाची झाली, कारण त्यांच्यापुढील श्रोता कीर्तनाच्या संस्कारात वाढलेला होता.

रमाबाईंचा मार्ग याच्या नेमका उलट दिसतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्यांना लहानपणापासून संस्कृत शिकविले. पुराणे त्यांना मुखोद्गत होती. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी तेथील धर्मभगिनींशी त्यांचा वाद पुढे चालूच राहिला. पंथाचे सिद्धांत केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. शास्त्र आपण स्वतः वाचू व मग ठरवू, ही त्यांची भूमिका होती. गळ्यातील क्रुसावर लॅटिन वचन असावे, या गोष्टीसही त्यांनी हरकत घेतली आणि संस्कृत शब्द असावेत असा आग्रह धरला. म्हणजे त्या काळात त्यांच्या ख्रिस्ती अस्मितेची खूण संस्कृत ही होती.

पुढे वीस-पंचवीस वर्षांनी, केडगावच्या मुक्तिसदनात बायबलाचे भाषांतर हाती घेतल्यावर, त्याच विदुषीने संस्कृतप्रचुर शब्दांना कटाक्षाने दूर ठेवले. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा त्यांनी उतारवयात अभ्यास केला. प्रचलित मराठी भाषांतरातील संस्कृत शब्द जुन्या धर्मकल्पना बरोबर घेऊन येतात आणि शिवाय ते अशिक्षित स्त्रीला समजत नाहीत, असे त्यांचे दुहेरी म्हणणे होते. हा बदल कसा घडला? टीकाकार त्याचे कारण त्यांच्या वाढत्या धार्मिक कडवेपणात शोधतात. ते अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही, पण त्याने उलगडा होत नाही. मध्यंतरी १८९६-९७ चा व १९०० चा असे दोन दुष्काळ होऊन गेले होते, आणि मध्यप्रांतातून व गुजरातेतून आणलेल्या शेकडो निराधार मुली व स्त्रिया केडगावी राहू लागल्या होत्या. वाँटेज येथे रमाबाईंपुढे वादासाठी विद्वान इंग्रज स्त्रिया होत्या. केडगावी समोर अक्षरे गिरवणारी दुष्काळग्रस्त मुलगी होती. वाचक बदलला, तशी शास्त्राची भाषा बदलली. संपूर्ण बायबल रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याच्या छपाईचे काम तेथील स्त्रियांनी केले. ज्यांच्यासाठी ग्रंथ, त्यांच्याच हातून तो छापला जावा, असे उदाहरण मराठीत दुसरे सहसा आढळणार नाही.

येथे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने एक आक्षेप नोंदविलाच पाहिजे. पूर्वसंस्कारापासून संपूर्ण मुक्त असा शब्द कोणत्याही भाषेत नसतो. ‘देव’, ‘पाप’, ‘कृपा’, ‘प्रभू’ यांपैकी कोणता शब्द रिकामा म्हणावा? संस्कृत टाळले तरी देशी शब्दांनाही स्मृती असते. परंतु मराठी ख्रिस्ती परिभाषेचे बळ मला नेमके येथेच दिसते. रमाबाईंच्या आधीपासून या परिभाषेत घर, बाजार आणि कचेरी यांतील शब्द स्थिरावले होते. ‘करार’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला व्यवहाराचा शब्द, ‘साक्ष’ न्यायसभेतला. ग्रीक भाषेत हाक देऊन बोलावलेल्या सभेला जो शब्द होता, त्याच्या जागी ‘मंडळी’ आली. कीर्तनकार श्रोत्यांना मंडळी म्हणतो, आणि जुन्या वळणाचा गृहस्थ पत्नीचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असाच करतो! चर्च या संस्थेला इतका घरगुती शब्द मराठीनेच द्यावा, हे मौजेचे खरे.

‘तारण’ या शब्दाचा विचार तर आमच्या पूर्णेसारख्या गावी बसूनच करावा. मूळ धातूचा अर्थ पार नेणे. गोदावरीच्या खोऱ्यातील माणसास तो समजावून सांगावा लागत नाही. पण याच माणसाच्या कानी ‘तारण’ म्हणजे कर्जापोटी सावकाराकडे लिहून दिलेली जमीनही असते. एका शब्दात नदी आणि गहाणखत असे दोन अर्थ एकत्र आलेले आहेत. शुभवर्तमानात ख्रिस्ताच्या मरणासाठी जी प्रतिमा आहे ती दास सोडवून घेण्याच्या मोबदल्याची. तेथे मराठी भाषांतराने ‘खंडणी’ हा शब्द योजिला. गाव लुटले जाऊ नये म्हणून भरावयाची रक्कम, असा हा मराठेशाहीच्या दप्तरातला शब्द आहे. मोक्ष, मुक्ती हे शब्द कितीही उदात्त असले तरी ऋण, गहाण आणि सुटका हा मूळ भाव त्यांतून एवढ्या ठसठशीतपणे येत नाही.

वाचकाचा प्रश्न आणखी एका ठिकाणी निकराचा होतो. पूर्णा जंक्शनावरून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जालना लागते. तेथे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. बेथेल म्हणजे ‘देवाचे घर’. मराठवाड्याच्या काळ्या मातीत रुजलेले हे हिब्रू नाव. तेथील नवख्रिस्ती बहुतांशी मांग समाजातील होते. अस्पृश्यांसाठी पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. ज्यांना देवळाच्या पायरीपाशी थांबावे लागत असे, त्यांना ‘वैकुंठ’ हा शब्द आपला वाटला असेल की लोकांचा? काहींना तो आपलाच वाटला असणार. चोखोबांची परंपरा काही लहान नाही. पण सर्वांच्या वतीने हे गृहीत धरण्याचा अधिकार टीकाकारास कोणी दिला? टिळकांच्या अभंगात ज्याला घर सापडते, त्याचा मराठीपणा खरा. आणि दूरचे हिब्रू नाव आपल्या गावाला लावून जो मान वर करतो, त्याचाही तितकाच खरा. दोघेही आपापल्या परीने शास्त्रच वाचीत होते.

रमाबाईंच्या भाषांतरातील दोष झाकण्याचा येथे हेतू नाही. मूळ शब्दाला चिकटून राहण्याचा त्यांचा आग्रह मराठी वाक्याच्या स्वाभाविक रचनेस जाचतो, आणि ज्या अशिक्षित स्त्रीसाठी हा खटाटोप, तिलाच तो कोठे कोठे अडवितो. बायबल सोसायटीच्या भाषांतराला जो प्रसार लाभला तो यास लाभला नाही, याचे एक कारण येथे असावे. सुबोधतेचा प्रश्न पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’मध्ये निराळ्या रीतीने सोडविला, त्यांचा ओढा प्रवाही, आजच्या शिष्ट मराठीकडे आहे. त्या ग्रंथास साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभला. असे असूनही २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा एका धर्मगुरूने ते पद भूषवावे काय, म्हणून विरोध झालाच. प्रवाही मराठी लिहिणाऱ्यालाही जर हा प्रश्न विचारला जातो, तर रमाबाईंचे भाषांतर ‘परके’ ठरविताना आपण त्यातील वाक्यरचना तपासतो की तिच्या कर्तीचा धर्म, हे टीकाकारांनी एकदा स्पष्ट करावे.