खेळायची पाने, सांगायची चित्रे

सावंतवाडीला आलेला पाहुणा मोती तलावाला एक फेरी मारतो, राजवाडा बघतो आणि मग चितार आळीत शिरतो. आळी लहान आहे. दारांत लाकडी केळी, आंबे, सीताफळे, मिरच्या टांगलेल्या असतात, फळ्यांवर भातुकली, भोवरे, रंगीत पाट, देव्हारे. अर्ध्या तासात आळी पाहून होते आणि लोक गाडीकडे वळतात. मला मात्र दर खेपेस इथे वेळ लागतो, तो फळांच्या रंगामुळे. चांगला चितारी केळे नुसते पिवळे करत नाही. देठाशी थोडा हिरवा ठेवतो, सालीवर पिकल्याचे करडे ठिपके टाकतो. आंब्याच्या गालावरची तांबूस छटा नेमकी कुठून सुरू झाली ते शोधूनही सापडत नाही. हे स्थिरचित्रच आहे, कागदाऐवजी लाकडावर उतरलेले. १८८२ साली याच गावात सावळाराम हळदणकर जन्मले. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे त्यांचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात लोक आजही थबकून पाहतात. उजेड निरखायची सवय या गावात जुनी आहे.

पण सिंधुदुर्ग जिल्ह्याची चित्रकला केवळ पाहण्यासाठी कधीच नव्हती. ती टांगायची, खेळायची, सांगायची होती. घडवणारे हात आजही आहेत. खेळणारे आणि ऐकणारे कमी झाले, आणि त्याच्या खुणा चित्रांवर उमटू लागल्या आहेत.

गंजिफा हा पत्त्यांचा खेळच घ्या. दशावतारी गंजिफाच्या डावात दहा रंग, प्रत्येक रंगात बारा, अशी १२० गोल पाने. दर रंगाला एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. दिवसा खेळायला बसले तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा. अर्ध्या रंगांत दश्शी चढी, उरलेल्या अर्ध्यांत एक्का. पानावर आकडा छापलेला नसतो. म्हणून पंजीवरचे पाच मासे असे बसवावे लागतात की समईच्या उजेडात, हातातल्या पानांच्या गर्दीतही खेळणाऱ्याला ते एका नजरेत मोजता यावेत. चिताऱ्याची खरी बुद्धी या साध्या पानांत आहे, सिंहासनावरच्या राजात त्यामानाने कमी.

ही कला विझत आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती समजून घेतली आणि १९७०च्या दशकात राजवाड्यातच काम उभे केले. त्यांचे हे ऋण मोठे आहे. आज तिथल्या दरबारात कारागीर खाली मान घालून पाने रंगवताना दिसतात आणि त्यांची रेघ बारीक आहे, स्वच्छ आहे. तरी मला काळजी वाटते ती मागणीची. गिऱ्हाईक भिंतीवर लावायला राजाचे पान मागते, पंजी-छक्की चौकटीत कोणी लावत नाही. मागणी तशी असली की राजाच्या मुकुटावर नक्षी वाढत जाते आणि साध्या पानांची मांडणी करणारा डोळा सुस्तावतो. गंजिफाच्या शैलीत बावन्न पानांचे जोडही निघतात. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना ते रुचत नसतील, पण निदान ती पाने कुणाच्या तरी हातात फिरतात. मला तो मार्ग चौकटीपेक्षा बरा वाटतो.

आजची, चालू असलेली कला मला या जिल्ह्यात सापडते ती श्रावण-भाद्रपदात, आणि तिला कुठलेही दालन नाही. नागपंचमीच्या सुमारास घरोघरचे पाट गणपतीच्या शाळेत पोचतात. तिकडे माती मळली जाते, आणि इकडे घरात गणपतीमागची भिंत रंगवायला चित्रकार येतो. एरवी तो दुकानांच्या पाट्या रंगवत असेल किंवा शाळेत चित्रकला शिकवत असेल. गेल्या वर्षीचे चित्र पांढऱ्या रंगाखाली जाते आणि त्यावर नवे उभे राहते. पुष्कळदा ते कॅलेंडरवरचे हिमालय आणि धबधबेच असतात, हे मान्य. पण मधूनच एखाद्या भिंतीवर गावचीच खाडी येते, ओहोटीत कलंडलेली होडी येते, माडांमागचे आभाळ पावसाळ्यातल्यासारखे जड असते, आणि वर बांधलेल्या माटवीतली खरी कवंडळे-सुपाऱ्या त्या आभाळापुढे लोंबतात. अशी भिंत मी मुंबईच्या कोणत्याही दालनातल्या चित्रापेक्षा कमी मानणार नाही. आता तिच्या जागी छापील पडदे येऊ लागले आहेत. पडद्याने वेळ वाचतो, पण त्या चित्रकाराचा वर्षातला एकमेव मोठा फलक जातो.

दशावतार या इथल्या लोकनाट्याबद्दल मला ही धास्ती नाही. जत्रा आहेत तोवर नाटक कंपन्यांना रात्री मिळतात, नट स्वतःचे तोंड स्वतः रंगवतो, संवाद उभ्या उभ्या जुळवतो, आणि समोरचा गाव चुकलेले लगेच ओळखतो. २०२५च्या ‘दशावतार’ चित्रपटाने शहरांतही त्याची ओळख वाढवली.

मालवणात कलेचा विषय निघाला की हल्ली राजकोट किल्ल्यावरच्या पुतळ्याचाच निघतो. ४ डिसेंबर २०२३ला अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला, मग त्याहून पुष्कळ उंच पुतळा उभा राहिला. या सगळ्यात बोलणे झाले ते उंचीचे आणि मजबुतीचे, शिल्पाचे फारसे नाहीच. समोर समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या शिवराजेश्वर मंदिरात एक मूर्ती आहे. महाराजांना दाढी नाही, डोक्यावर दर्यावर्दी माणसाचे शिरस्त्राण आहे. घडवणाऱ्याने राजाला किनाऱ्यावरच्या माणसाचे रूप दिले, आणि त्याची रोज पूजा होते. शिल्पाबद्दल बोलायचे तर मी तिथून सुरुवात करीन.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे, म्हणजे चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची कला. परशुराम गंगावणे यांनी गोठ्याच्या जागेत कलेचे संग्रहालय उभारले, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या जपल्या, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीची चित्रे बरीच वर्षे ‘पैठण शैली’ म्हणून ओळखली गेली, कारण संग्राहकांना काही संच तिकडे सापडले होते. नावाचा हा घोळ अभ्यासकांनी बराच निस्तरला. चित्राच्या वाचनाचा घोळ मात्र चालूच आहे. मोठ्या डोळ्यांची, एका बाजूने दिसणारी पात्रे, कोरी पार्श्वभूमी, ताणलेले धनुष्य, एवढे पाहून आपण एक पान विकत घेतो आणि दिवाणखान्यात लावतो. पण ते पान मुळात पोथीतले. बाण सुटतो या पानावर, लागतो तो पुढच्या पानावर, आणि मधली जागा आवाजाने भरायची असते. नव्या चित्रकारांची सुटी पाने रेखीव असतात, पण ती पुढच्या पानाची वाट पाहत नाहीत. जुन्या पोथीतल्या प्रत्येक आकृतीत ती ओढ आहे.

म्हणून पिंगुळीला गेलात तर चित्र घेण्याआधी पोथी सांगायची विनंती करा. वीणा लागते, हुडुक आणि टाळ सुरू होतात. टेकवून ठेवलेल्या पानांतले एक वर येते, गाणारा त्यावर बोट ठेवतो, आणि पाठीला पाठ लावून चिकटवलेले दुसरे चित्र उलटण्याआधी क्षणभर थांबतो.