‘माणूस’ आणि मैना

गेल्या महिन्यांत जालन्यास कांहीं स्नेह्यांच्या बैठकींत प्रभातचा ‘माणूस’ (१९३९) पुन्हां पाहिला. तो संपतांच एक गृहस्थ म्हणाले, “वेश्येचा उद्धार करणारा सज्जन नायक, यांत अपूर्वाई ती कसली?” हा बोलपट निघाला तेव्हां आमचें जालनें निजामाच्या अमलाखालीं होतें. तो अंमल जाऊन पाऊणशें वर्षें लोटलीं. पण मैनेसारखीला घरांत घेण्याची गोष्ट निघतांच बैठकींतल्या चेहऱ्यांवर जी छाया पडली ती जुनीच होती. म्हणून त्या आक्षेपाचा विचार येथें करणें आम्हांस अवश्य वाटतें.

कुंटणखान्यावर धाड पडते, आणि गणपत हा प्रामाणिक पोलीस शिपाई मैनेस तींतून वाचवितो. उभयतां एकमेकांस सर्वस्वीं अनोळखी. पुढें त्यांची प्रीति जुळते ती चांदण्याच्या किंवा फुलांच्या आधारानें नव्हे. उलट व्ही. शांतारामांनीं मुद्दाम एक प्रवेश घातला आहे. दोघें फिरावयास गेलीं असतां कोठल्याशा बोलपटाचें चित्रीकरण त्यांच्या दृष्टीस पडतें आणि तेथल्या साखरेंत घोळलेल्या प्रेमगीताची तीं मनसोक्त टवाळी करतात. बाँबे टॉकीजच्या धाटणीला मारलेला हा टोला हंशा पिकवितोच. परंतु नक्कल करतां करतां तीं दोघें प्रथमच एका पातळीवर येतात. तेवढ्या वेळापुरता गणपत उद्धारक राहत नाहीं, आणि मैना पतित राहत नाहीं. सगळ्या बोलपटांत खरें प्रेम कोठें असेल तर तें या थट्टेंत आहे, असें आमचें मत आहे.

‘कशाला उद्याची बात’ हें मैनेचें गाणें आजहि लोकांच्या ओठीं आहे. शांता हुबळीकरांनीं पुढें आपल्या आत्मचरित्रासहि तेंच नांव दिलें. मास्तर कृष्णरावांच्या चालीवर ठेका धरतांना आपण एक विसरतों. तें धंद्याचें गाणें आहे. मैना तें अनेक भाषांत म्हणते, कारण गिऱ्हाइकाची जी भाषा ती तिची भाषा. अशा, उद्याचें नांवहि नको म्हणणाऱ्या बाईला गणपत ‘उद्या’ देऊं करतो, आणि तेथूनच तिचे हाल सुरू होतात. त्याच्या आईच्या घरीं तिला सर्वांत आडवी येते ती तिची स्वतःची अपराधभावना.

‘देवदास’ला (१९३५) दिलेलें उत्तर म्हणून ‘माणूस’चा गौरव होतो. त्याच्या इंग्रजी उपनांवाचा अर्थच ‘जीवन जगण्यासाठीं आहे’ असा होता. उत्तर चोख आहे, पण गणपतपुरतें! मैना आपल्या दुष्ट मामाचा खून करते, तुरुंगांत जाते, आणि गणपत सोडवूं पाहतो तेव्हां नकार देते. नायकानें जगावें म्हणून नायिकेनें गजांआड राहावें, हा हिशेब आम्हांस मान्य नाहीं. ‘कुंकू’मध्यें (१९३७) ज्या दिग्दर्शकानें नीरेस जरठ पतीविरुद्ध उभें केलें, त्याचा हात येथें आंखडला. (तेथेंहि तिची सुटका पतीच्या मरणानेंच होते, हें खरें.)

तरीहि त्या नकारास नुसता त्याग म्हणवत नाहीं. धाडींतून वाचविणें, घरीं नेणें, सोडविणें हे सारे बेत गणपतचे. नाहीं म्हणणें तेवढें मैनेचें. शाहू मोडकांचा गणपत त्या क्षणीं अगदीं लहान दिसतो.

आम्हीं त्या गृहस्थांना विचारलें, “मग उद्धार झाला तो कोठें?” त्यांनीं कांहीं वेळ विचार केला आणि तो थट्टेचा प्रवेश पुन्हां लावावयास सांगितला.