प्रदेश आणि लघुकथा : पेडणे-डिचोलीच्या निमित्ताने

प्रादेशिक लघुकथेविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, तिच्यात ‘वातावरण’ या शब्दाला वाजवीपेक्षा अधिक मान मिळत आला आहे. पेडणे किंवा डिचोलीकडील कथा म्हटली, की तिच्यात पोफळीचे कुळागर, देवळाची दीपमाळ आणि कौलांवरून ओघळणारा पाऊस असावयाचाच, अशी नवोदित लेखकाची समजूत झालेली दिसते. वर्णन म्हणून हे सारे सुंदर होऊ शकेल. परंतु तेवढ्याने कथा होत नाही. प्रदेशाने पात्राला अडचणीत टाकले पाहिजे, त्याच्या निर्णयात हात घातला पाहिजे.

गोमंतकीय जीवन मराठी कथेत ठसठशीतपणे आणण्याचे श्रेय लक्ष्मणराव सरदेसाई यांच्याकडे जाते. ‘कल्पवृक्षाच्या छायेत’ हा त्यांचा संग्रह १९३४ सालचा. त्या नावातील छाया पुढच्या पुष्कळांनी उचलली; झाडाखाली बसलेला माणूस मात्र त्यांच्या हातून निसटला. १९४९ मध्ये व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ प्रसिद्ध झाली, तेव्हा प्रदेश माणसांच्या वागण्याबोलण्यातून कसा उमटतो, हे मराठी वाचकाने पाहिले. शीर्षकातच ‘माणसं’ हा शब्द आहे, हे विसरून चालणार नाही.

याच तत्त्वाचा एक जुना पाठ पेडण्याच्या उंबरठ्यावर उभा आहे. तेथील जत्रांत दशावताराचा खेळ रात्रभर चालतो. त्याला लिखित संहिता नसते. आख्यान आणि पात्रे ठरली, की संवाद नटाने रंगमंचावरच रचावयाचे. कथानक प्रेक्षकाला अगोदरच ठाऊक असते, तरीही तो पहाटेपर्यंत हलत नाही. ‘पुढे काय होणार’ या उत्कंठेवर लघुकथेचे सारे तंत्र उभारणाऱ्यांनी याचा विचार करावा. प्रेक्षक बसतो तो या पेचात सापडलेले पात्र आज काय बोलेल, हे ऐकण्यासाठी. अर्थात नटाच्या हाताशी संपूर्ण रात्र असते, पेटी-मृदंग असतात. कथाकाराजवळ चारपाच पाने. म्हणून त्याने एकच पेच निवडावा आणि बाकीचे निर्दयपणे गाळावे.

डिचोली तालुक्यातील एक कल्पित प्रसंग घेऊ. खाणीची माती पावसात वाहून शेतात आली आणि भात पिकेनासे झाले. त्याच घरातील मुलाने कर्ज काढून खनिज वाहणारा ट्रक घेतला. बापाने त्या ट्रकला कधी हात लावला नाही. मात्र त्याच्या मिळकतीवर घर चालले. २०१२ साली गोव्यातील खाणकाम थांबले. पुढे ते काही काळ सुरू झाले; २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा बंद पडले. आता ट्रक विकावयाचा आहे. सामान्य लेखक येथे तांबड्या धुळीचे वर्णन करील, बापाच्या तोंडी निसर्गाच्या कोपावर भाषण घालील. जाणता लेखक एवढेच दाखवील, की गिऱ्हाईक यावयाच्या दिवशी बाप पहाटे उठला आणि विहिरीचे पाणी काढून तो ट्रक धुऊ लागला. तो का धुतो, हे सांगू नये. मुलानेही विचारू नये. ही कथा साताऱ्याला नेऊन ठेवता येणार नाही. कारण शेत बुडविणारी आणि घर तारणारी वस्तू एकच असणे, हा पेचच त्या भूमीने दिलेला आहे. प्रादेशिकतेची कसोटी ती हीच. गावांची आणि झाडांची नावे बदलून जी कथा दुसरीकडे तशीच नांदते, तिच्यातील प्रदेश हा पडदा होता, असे खुशाल समजावे.

भाषेचेही तसेच. निवेदन मराठीत आणि घरातील बोलणे कोकणीत, ही येथील कथाकाराची नित्याची अवस्था आहे. स्वतः सरदेसाईंनी दोन्ही भाषांत कथा लिहिली. बोलीचे शब्द मिठासारखे सर्वत्र भुरभुरल्याने अस्सलपणा येत नाही. प्रमाण शब्दाने जेथे पात्र खोटे बोलल्यासारखे वाटेल, तेथे बोली अटळ असते. इतरत्र ती निव्वळ नटवेपणा ठरते.

या लेखाच्या वाचकांत शिक्षक बहुसंख्य असतील, म्हणून शेवटी एक विनंती. ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ या अभ्यासात आपण मुलांकडून शेवटी तात्पर्य लिहून घेतो. ही सवय पुढे कथाकाराची पाठ सोडीत नाही; बाप ट्रक धूत असताना तो मध्येच तात्पर्य सांगू लागतो. एखाद्या तासाला मुद्दे आणि तात्पर्य दोन्ही बाजूला ठेवून पेडण्या-डिचोलीच्या मुलांना एवढेच विचारावे : तुमच्या घरात कोणी असे काय केले, ज्याचे कारण त्याने कोणालाच सांगितले नाही? पुष्कळशी उत्तरे निरस निघतील. एखादे तसे निघणार नाही, आणि ते ओळखण्याची जबाबदारी आपली आहे.